मावशीच्या विहिरीचं पाणी

मढला जायचं तर मालाडच्या बसमध्ये घामाघूम होऊ नका. अंधेरीहून रिक्षाने वर्सोव्याचा धक्का गाठा, फेरीबोट बघता बघता पलीकडे सोडते, बाइकसुद्धा चढते. टोपी घ्या, मे महिन्यातलं ऊन जीव काढतं. उतरल्यावर गरम भजीपाव मिळतो. मी मात्र न खाताच पुढे निघाले. मी फिरायला गेलेच नव्हते. मी पाणी तपासायच्या लॅबमध्ये काम करते, आणि मढच्या मावशीच्या विहिरीत सेलेनियम निघालं होतं. तेही भरपूर.

"काय गो, एवढ्या उन्हातनं आलीस!" मावशीने कोकम सरबत पुढे केलं. बोटांची नखं तुटलेली, डोक्यावरचे केस विरळ. सेलेनियम अंगात साठलं की असंच होतं.

वाडीत लाल माठ आणि पालक. पालक पिवळा पडलेला. पाला पिवळा दिसला की मावशी मूठभर युरिया जास्त टाकते, सगळा गाव तेच करतो.

मी समजावलं. शेजारच्या प्लॉटवर कोळशाच्या राखेचा भराव पडलाय, त्यातलं सेलेनियम विहिरीत झिरपतंय. एरवी त्यातलं थोडंफार तळाच्या गाळात बसलं असतं, पण युरिया मुरून पाण्यात नायट्रेट झालं की ते विरघळलेलंच राहतं. वर हा उन्हाळा! पाणी आटतं, विष तेवढंच राहतं.

"म्हणजे खत वाईट ना? मग घरच्या वाफ्याला मी खत घालतच नाय," मावशी खूश झाली. विकायचे वाफे वेगळे, घरच्यांचा वेगळा, ही तिची जुनी रीत.

"मावशी, पाणी त्याच विहिरीचं ना गं? ते विष भाजीतही उतरतं."

तिने एक पिवळं पान खुडलं. मग म्हणाली, "दुसरं पाणी कुठंय? समुद्राचं घालू? ही वाडी गेली तर मी काय करू गो?"

"तूर्तास ही भाजी खाऊ नको, विकू नको," एवढंच मी म्हटलं. शेवटी ती म्हणाली, "बरं, उद्यापासून विकणार नाय." निघताना घरच्या वाफ्यातली माठाची जुडी मात्र पिशवीत कोंबलीच. भाचीला रिकाम्या हाताने कोण पाठवतं?

कांदिवलीला घरी आले आणि जुडी सरळ कचऱ्यात टाकली. रडूच आलं. तेवढ्यात तिचा फोन.

"भाजी केलीस?"

तिचं मन मोडवेना. "केली गं. झकास झाली."

"खाल्लीस?"

"हो."

"बघ! तू लॅबवाली, तू खाल्लीस. उगाच घाबरवत होतीस," मावशी मोकळेपणाने हसली. "मग सकाळी बसते बाजारात."

"मावशी, ऐक ना..." म्हणेपर्यंत तिने फोन ठेवला होता. परत लावला, लागला नाही. उद्या पहिली बोट पकडायची आहे.