कावडीतले मासे

तो कोण, कुठला, ते मी विचारलं नाही. नवऱ्यासमोर परक्या पुरुषाशी बोलायची तेव्हा रीत नव्हती. हिर्डोशीच्या वाटेवर तो आम्हाला भेटला. खांद्यावर कावड होती आणि पुढच्या-मागच्या मडक्यांत भाटघरच्या धरणातली माशांची पिल्लं. वरच्या एका गावच्या तळ्यात ती सोडायची होती.

सावली दिसली की तो कावड उतरवायचा. मडक्यात हात घालून पाणी हळूहळू घुसळायचा. वाकून विचारायचा, "गुदमारलं न्हाई ना रं कुनी?"

मला पाचवा महिना होता. डोक्यावर तांदळाचं गाठोडं. आमचे धनी पुढं झपाझपा चालले होते. त्या पिल्लांचा मला इतका हेवा वाटला, की ती मडकी फोडावीशी वाटली.

चढ लागला तसे धनी थांबले. आता माझं ओझं घेतील म्हणून मी मान खाली केली. ते त्या माणसाला म्हणाले, "पावनं, दमला आसाल. आना हिकडं कावड."

त्यानं ती हलक्या हातानं त्यांच्या खांद्यावर दिली. म्हणाला, "मधनंमधनं बघत ऱ्हावा. त्यास्नी बोलता येत न्हाई."

मला तरी कुठं येत होतं? पण त्या दिवशी धनी पहिल्यांदाच घडोघडी मागं वळून बघत होते. मागच्या मडक्याकडं.

दुसऱ्या वर्षी त्या तळ्यातला मासा आमच्या घरी आला. पोर मांडीवर घेऊन, चुलीपुढं बसून, तो मी एकटीनं खाल्ला.