आम्लाची टाकी आणि मावशीचा ढीग

मला राग पटकन येतो, आणि राग आला की मी समोरच्याला सल्ला देते. याच सवयीवर माझं पोट चालायचं. सत्तरच्या दशकात कलकत्त्याच्या आसपासच्या लहान कारखान्यांना भंगार कसं निवडावं, कशात काय मिसळू नये, हे मी सांगत फिरायचे. जन्म बागबाजारातला, घर मराठी, शिक्षण रसायनशास्त्राचं. साडीतली बाई फाउंड्रीत शिरली की लोकांना वाटायचं, वर्गणी मागायला आली. मी पिशवीतून ॲसिडच्या बाटल्या काढून टेबलावर मांडल्या की त्यांचं त्यांना कळायचं.

बजबजच्या वाटेवरची एक फाउंड्री माझी फार लाडकी. आवारात एक फणसाचं झाड, त्याखाली चहा, आणि मालक बडबड्या पण दिलदार. तिथे गनमेटलचे, म्हणजे तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूचे व्हॉल्व्ह ओतत. जूट मिलच्या वाफेच्या नळांना आणि तेलाच्या डेपोंना ते लागत. सगळा कच्चा माल भंगाराचा: जुने नळ, झिजलेली बेअरिंगं, गोदीतून आलेले जहाजाच्या पंख्यांचे, म्हणजे प्रोपेलरचे, तुकडे. त्यातला जहाजाचा पंखा भारी द्वाड. त्यात तांब्याबरोबर ॲल्युमिनियम असतं. त्याचा एवढासा तुकडा जरी गनमेटलच्या भट्टीत गेला, तरी ओतलेला व्हॉल्व्ह आतून सच्छिद्र होतो आणि दाब दिला की पाझरतो. म्हणून तीन बायका दिवसभर गोणपाटावर बसून भंगार निवडत. त्यांतली थोरली साठीच्या पुढची. तिला सगळे मावशी म्हणत, मीही म्हणायचे. घरी अंथरुणाला खिळलेली बहीण आणि कमावणारी ही एकटी.

पहिल्या भेटीत मी तो ढीग पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. काळा, तेलकट, हिरवट, सगळा चिकट गोळा! आमच्या घरी आई तांब्या-पितळेची भांडी चिंचेनं घासून अशी लख्ख करायची की शेजारच्या बंगाली काकू मुद्दाम बघायला यायच्या. कलकत्त्यात तीन पिढ्या काढल्या तरी आमचा हा ताठा गेला नव्हता. मळकं भांडं आणि मळकं भंगार, मला दोन्ही सारखंच असह्य. मी तिथल्या तिथे सल्ला लिहून दिला: आधी सगळा माल आम्लाच्या टाकीत धुवावा, मग चुंबकानं लोखंड काढावं, मग निवडावं. मालक खूश झाले.

मावशी तेवढी म्हणाली, "दीदीमणी, धुऊ नका. मळ असू दे."

"अगं मावशी, मळात दिसणार काय, डोंबल?" मी म्हणाले. ती पुन्हा निवडायला लागली.

दोन-अडीच महिन्यांनी मालकांचा निरोप आला, ताबडतोब या. मी सियालदहहून गाडी पकडून गेले तर कचेरीत गृहस्थ लालबुंद होऊन बसलेले. ओतलेले निम्मेअधिक व्हॉल्व्ह पाझरून परत आले होते. त्यांनी निकाल देऊनही टाकला होता: बायकांची नजर गेली, तिघींना काढायचं आणि विजेवरचं चुंबकाचं मोठं यंत्र बसवायचं. टेबलावर त्याचं रंगीत माहितीपत्रक होतं. "तुम्ही तज्ज्ञ. बायकांच्या निवडीत दोष आहे, एवढं लिहून सही करा."

"चुंबक लोखंड ओढतं," मी तडकले. "जहाजाचा पंखा काय त्याच्या प्रेमात पडून धावत येणार आहे? आणि रोज दुपारी दिवे जातात तेव्हा काय करणार?" पण बायकांच्या नजरेबद्दल मलाही शंका आली होती, हे कबूल करते. तशीच तरातरा ढिगाकडे गेले.

मावशी टाकीतून निघालेला माल पुढ्यात घेऊन बसली होती. "काय गं मावशी, दिसेनासं झालंय का?" मी विचारलं. चारचौघांत विचारलं, याची मला आजही लाज वाटते.

"दिसतंय की," ती म्हणाली. "सगळं सारखंच दिसतंय."

तिनं गोणपाटाखालून न धुतलेले दोन तुकडे काढले. एकावर हिरवी पुटं चढलेली. दुसऱ्यावरचं तेल तिनं पदरानं पुसलं, तर खाली पिवळा, कोरा. "हा हिरवा होतो, हा आपला. जहाजाचा कितीही दिवस पडू दे, असाच राहतो. मी हिरवं बघून निवडायची. तुम्ही हिरवंच धुऊन टाकलंत."

मी टाकीकडे वळले. टोपलीत धातूच्या तुकड्यांबरोबर गंजके लोखंडी बोल्ट बुडालेले. आम्लात तांबं विरघळलेलं, त्यात लोखंड पडलं, की टोपलीतल्या सगळ्यावर तांब्याचा पातळ लालसर मुलामा चढतो. हे कुठलाही सोनार सांगेल. मी तर पदवी घेऊन बसले होते! आधी चुंबक लावायला सांगण्याऐवजी आधी आंघोळ घातली होती. मी कपाळावर हात मारून घेतला.

ढिगापासून कचेरी पन्नास पावलं असेल. तेवढ्यात मी चार सबबी रचल्या. ॲसिड भेसळीचं होतं, टोपली भरणारा निष्काळजी होता, असं बरंच काही. चूक कबूल केली तर या रस्त्यावरच्या एकाही फाउंड्रीत मला कुणी उभं करणार नव्हतं. पण मी गप्प बसले तर तीन बायका संध्याकाळी घरी जाणार होत्या, त्या कायमच्या. मला सबबींचाच संताप आला. दारातूनच ओरडले, "चूक माझी आहे. बायकांची नाही. लिहून देते."

आणि दिलं, माझ्याच छापील कागदावर.

मालकांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "ठीक. एक घाणा न धुता निवडू दे. त्याचे व्हॉल्व्ह पाझरले तर तिघी जातील, आणि मॅडम, तुम्हीही."

टाकी बंद झाली. आधी हातातलं चुंबक फिरवून लोखंड काढायचं, मग मळक्या मालात मावशी निवडणार, आणि तिला ज्याची शंका येईल तेवढाच तुकडा मी बाटल्यांनी तपासणार. आठवड्यात तिनं माझ्याकडे मोजून चार तुकडे पाठवले. चारही जहाजाचे निघाले. मला इतका आनंद झाला की घरी जाताना मी संदेश मिठाईचा पुडा घेतला आणि गाडीतच अर्धा संपवला.

ओतलेल्या व्हॉल्व्हची दाबाची चाचणी मागच्या शेडमध्ये होई. मी मावशीला हाताला धरून तिकडे नेलं. ती नको नको म्हणत होती, आमचं तिथे काय काम म्हणाली. पंपाचा दांडा हलू लागला, काटा चढत गेला. काटा खुणेवर जाऊन थांबला. मिस्त्रीनं व्हॉल्व्हभोवती फडकं फिरवलं आणि मालकांच्या हातात दिलं. कोरडं. दुसरा लावला, तिसरा लावला, कोरडेच. माझा जीव भांड्यात पडला. मालक मोठ्यानं हसले आणि सगळ्यांना चहा सांगितला.

मावशीचं चहाकडे लक्ष नव्हतं. ती व्हॉल्व्हजवळ जाऊन उभी राहिली. आधी बोटानं, मग पूर्ण हातानं तिनं तो चाचपला, त्याचं चाक थोडं फिरवून पाहिलं.

"दीदीमणी, हा आपल्या मालाचा?"

"हो गं, तूच निवडलेल्या."

"वीस वर्षं निवडते आहे," ती म्हणाली. "त्याचं काय करतात, ते आज बघितलं."