पाठमोरा हिरो

हरीभाऊ पिलणकरांनी आयुष्यात किती सिनेमे काढले, ते त्यांनाही सांगता येत नाही. देवाचे, भुताचे, सासूसुनेचे, दारूबंदीचे, जे मागाल ते. मिरजोळ्याला एका शेडमध्ये दीपकशेठचा स्टुडिओ आहे, तिथे ते पगारी दिग्दर्शक. शेठने सोमवारी गोष्ट सांगायची आणि आठवड्यात सिनेमा तयार व्हायचा. आधी सीडीवर, आता मोबाइलवर, चाकरमानी मुंबईत बसून बघतात. मी गुणवंती. सकाळी मासळी विकते आणि हरीभाऊंच्या सिनेमांत आई होते, बहुतेक वेळा रडणारी.

हरीभाऊ आधी लग्नांचं शूटिंग करायचे तेव्हा कॅसेट महाग, म्हणून लागेल तेवढंच घ्यायचं ही त्यांची सवय. अख्खा सिनेमा डोक्यात जोडलेला असायचा. हवं ते मिळालं की कॅमेऱ्याच्या भिंगावर तळहात ठेवायचे आणि म्हणायचे, "झाला." पुन्हा घेणं नाही, जादा घेणं नाही. नंतर नुसते तुकडे एकापुढे एक लावायचे, त्यातून दुसरं काही बनवू म्हटलं तरी बनत नसे. शेठ या काटकसरीवर खूश. शूटिंगला तो फक्त जेवणाच्या वेळेला उगवायचा.

एकच सिनेमा हरीभाऊंनी शेठच्या स्टुडिओत स्वतःच्या मनाने काढला. सुकी मासळी विकून पोर वाढवणाऱ्या बाईचा, म्हणजे त्यांच्याच आईचा, सखूबाईंचा. त्याला मुंबईत बक्षीस मिळालं. रत्नागिरीत तो मोठ्या पडद्यावर दाखवला तेव्हा हरीभाऊ आईला नवं लुगडं नेसवून घेऊन आले. मी शेजारीच बसले होते. पडद्यावर अक्षरं आली. दिग्दर्शक म्हणून दीपकशेठचं नाव, हरीभाऊंचं कुठेच नाही. म्हातारीला वाचता येत नव्हतं.

"तुजा नाव कुठला रे त्यात?" तिने विचारलं.

"ता काय, सगळ्यात मोठा," हरीभाऊ म्हणाले आणि शेठच्या नावाकडे बोट दाखवलं.

म्हातारीने त्या नावाला हात जोडले. पुढच्या वर्षी ती गेली. नाव चोरलं ते हरीभाऊ गिळून गेले असते. पण शेठने त्यांना आईशी खोटं बोलायला लावलं, ते त्यांच्या पोटात राहिलं. माझ्याही राहिलं.

यंदा शेठने मुलाला, निहारला, हिरो करायचं ठरवलं. शिमग्याला सगळे चाकरमानी गावात असतात, तेव्हा देवळासमोरच्या मैदानात सिनेमा दाखवायचा. मिरजोळ्यापासून आरे-वारेपर्यंत निहारच्या तोंडाचे बॅनर लागले.

शूटिंगच्या तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. निहार बोलतोय, पण कॅमेरा त्याच्या पाठीमागे. चेहरा दिसतो तो माझा, नाहीतर मित्राचं काम करणाऱ्या संदेशचा. निहारला सांगितलेलं, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. बिचारा बघत नव्हता.

"हरीभाऊ, पोराचा तोंड कधी घेणार?" मी हळूच विचारलं.

त्यांनी भिंगावर तळहात ठेवला. "झाला," म्हणाले. मी पदर तोंडाला लावून हसले आणि पुढच्या सीनला रडायला बसले.

सिनेमा शेठच्या हातात पडला तो शिमग्याच्या पालखीच्या, म्हणजे दाखवायच्या आदल्या दिवशी. त्याने सगळे तुकडे उपसले. निहारची मान होती, खांदे होते, एकदा कान होता. शेठ फोनवर किंचाळला तेव्हा हरीभाऊ शांतपणे म्हणाले, "जादा कधी घेतलंय का मी? तुम्हालाच आवडायचं नाही ना."

आमदारांपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना आमंत्रणं गेलेली, त्यामुळे दाखवावा तर लागणारच होता. मग शेठने डोकं चालवलं. उद्या शिव्या पडतील त्या दुसऱ्याला पडाव्यात म्हणून सुरुवातीलाच भलीमोठी अक्षरं टाकली : दिग्दर्शक, हरिश्चंद्र पिलणकर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हरीभाऊ प्रोजेक्टरपाशी माझ्या शेजारीच उभे होते, त्यांनी नुसतं बघून घेतलं.

मैदानात आधी कुजबुज, मग हशा. "अरे वळ की जरा," कुणीतरी ओरडलं. निहार उठून निघून गेला. त्याचं मला वाईट वाटलं, पण दुसऱ्या दिवशी. त्या वेळी नाही.

शेठची आई आमच्या पुढेच खुर्चीवर होती, नजर अधू झालेली. तिने लेकाचा हात ओढला. "दीपक, आपला निहार कुठला रे त्यात?"

शेठने हात सोडवून घेतला. ती पुन्हा विचारायला लागली.

"तो काय," शेठने पडद्यावरच्या संदेशकडे बोट दाखवलं. "लाल शर्टातला."

म्हातारीने संदेशवरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. मी हरीभाऊंकडे पाहिलं. सिनेमा अजून अर्धा बाकी होता. त्यांनी पुढे होऊन प्रोजेक्टरच्या भिंगावर तळहात ठेवला.