दोन काठांवरची चौकशी

आमचं शहर नदीच्या दोन्ही काठांवर पसरलंय. अलीकडचा काठ एका जिल्ह्यात, पलीकडचा दुसऱ्या. नातीने पसंत केलेला मुलगा पलीकडचा. त्याच्यावर कुठला फौजदारी खटला नाही ना, हे पाहायला मी गुपचूप तिकडच्या कोर्टात गेले. काही निघालं नाही. कारकून म्हणाला, "आजी, गुन्हा ज्या काठावर घडतो, तिथल्या कोर्टात नोंद होते. तुमच्याकडेही बघा."

म्हणून काल इकडच्या कोर्टात गेले, तर खिडकीशी मुलाची आजी उभी! आत वाकून आमच्या नातीचं नाव सांगत होती.

मला माझंच हसू आलं. विशीतली मी नुसत्या कुरळ्या केसांवर भाळून लग्नाला हो म्हणाले होते. चौकशी शून्य! केस चार वर्षांत गेले. माणूस चांगला निघाला, पण त्यात माझी अक्कल काडीची नव्हती.

"सापडलं का काही, विहीणबाई?" मी मागून विचारलं.

ती दचकली, मग पदर तोंडाला लावून हसली. "नाही हो. तुम्हाला?"

"मलाही नाही."

आम्ही बाकावर टेकलो. मला खरं जे हवं होतं, ते कुठलंच कोर्ट लिहून ठेवत नाही. शेवटी विचारलंच, "रागावला की कसा वागतो हो?"

"गप्प बसतो. मग स्वतःच चहा करून आणतो. आणि तुमची?"

"घर डोक्यावर घेते," मी खरं ते सांगितलं. "पण चहाला कधी नाही म्हणत नाही."

तिने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.