मोठ्याने म्हटलेला पासवर्ड

मंडळी, आज युनिव्हर्सिटीच्या कंप्यूटर सेंटरमध्ये इंटरनेटवरचे धडे वाचायला पहिल्यांदा लॉगिन केलं.

आमचं घर बनारसच्या मंगला गौरीच्या देवळाजवळचं, वेदपाठी. पाठ करायचं ते मोठ्याने! पासवर्डही मी तसाच घोकत टाइप केला. सगळी लॅब हसली. सर म्हणाले, "अब नया बनाइए, और मन में बोलिए."

दुपारी जेवताना बाबांना नवा पासवर्ड सांगायला गेले, तर त्यांनी चटकन कान झाकले. "मलाही नको सांगूस. मंत्र आहे तो तुझा."

दादाच्या मुंजीत बाबांनी त्याच्या कानात मंत्र सांगितला, तेव्हा मी लांब उभी होते.

मघाशी परत लॉगिन केलं. ओठसुद्धा हलवले नाहीत.

मुलींनो, तुम्ही घेतलात का पासवर्ड? मला मात्र सांगू नका!