डिफरंट म्हणजे हलका

वकिलांनी कागद माझ्या हातात दिला नाही. ओटीवरून अंगणात टाकला. वाऱ्याने तो शेणापर्यंत गेला. मी त्याच्यामागे धावलो. ओटीवर हशा झाला.

ठाण्यातल्या या वकिलांना इंग्रजी कागदांचे मराठी करणारा कारकून हवा होता. मी महार. बाप पलटणीत हवालदार होता. इंग्रजी त्यानेच शिकवले. कल्याणहून चालत आलो होतो. उन्हात बसलो, मांडीवर पाटी, पाटीवर कागद, बाजूला दौत.

कागदात कुणा साहेबाने एका खाडीकाठच्या गावाची हकीकत लिहिली होती. वस्तीतले महार डिफरंट जातीचे आहेत, असे पहिले वाक्य. मी ‘वेगळ्या जातीचे’ लिहिले आणि वाचून दाखवले.

“वेगळ्या?” वकील शेजारच्या पक्षकाराकडे बघत म्हणाले, “अरे, आंबा नि फणस वेगळे. तू आणि मी नुसते वेगळे होय रे? डिफरंट म्हणजे हलका. लिही.”

कोशात तसे नाही, हे मला ठाऊक होते. तरी ‘वेगळ्या’ खोडले. ‘हलक्या’ लिहिले. माझ्या हाताने. माझ्या आईला, बापाला. नोकरी हवी होती.

वकील खूश झाले. उद्यापासून ये म्हणाले, बसायचे मात्र अंगणातच. आता पुढचे वाच.

पुढचे वाक्य मी दोनदा पाहिले. गावातले ब्राह्मण डिफरंट जातीचे आहेत. तोच शब्द. तीच अक्षरे.

लिहिले. उभा राहिलो. वाचले.

“गावातले ब्राह्मण हलक्या जातीचे आहेत.”

पक्षकाराचे पान चघळणे थांबले. मग वकिलांचा जोडा आला. कानशिलावर बसला.

“तिथे वेगळ्या लिही, गाढवा.”

“लिहितो, रावसाहेब. मग वरही वेगळ्याच लिहितो.”

“वर हलक्याच राहील.”

मी वरचे ‘हलक्या’ खोडले. टाक इतका दाबला की कागद फाटला. तो पायरीवर ठेवला आणि निघालो. नोकरी गेली. कान कल्याणपर्यंत वाहत होता.

बापाने विचारले, कुठला शब्द अडला का? अडला नव्हता. लिहिला होता.

जोडा मारणाऱ्याचे मला नवल नाही. लिहिणारा हात माझा होता, ते विसरणार नाही. आता कुठल्याही कागदावर आम्हांला हलके लिहिलेले दिसले, की मी खोडणार. ते पुन्हा लिहितील. मी पुन्हा खोडीन. कागद फाटला तर फाटू दे.