चांदूरच्या मातीचे सहा डबे

रोग बरा करणारे मी पुष्कळ पाहिले. रोग सांभाळणारी एकच पाहिली, मनकर्णाबाई.

अकोल्याबाहेरच्या एका शेतकी फार्मवर ती रोजानं कामाला होती. तिच्याकडे एकरभराचा तुकडा होता, त्याला सगळे ‘मरीचं वावर’ म्हणत. तुरीला मर लागते ती मातीतल्या बुरशीनं. फुलोऱ्यात आलेलं हिरवं झाड आठ-दहा दिवसांत उभ्याउभ्या वाळतं, साल सोलली की आत काळी रेघ दिसते. तुरीचं नवं वाण निघालं की ते आधी या वावरात पेरायचं. मेलं तर फेकायचं, तगलं तर शेतकऱ्याला द्यायचं. म्हणजे हे वावर चांगलं होऊच द्यायचं नाही. मेलेल्या झाडांची मुळं खणून, बारीक करून, मनकर्णाबाई ती पुन्हा तिथंच गाडायची. बुरशीला उपास घडू द्यायची नाही.

निंदणाऱ्या बाया धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, विचारत, "काहो, मेली का तुमची तूर?"

ही कमरेवर हात ठेवून सांगे, "मेली माय! शंभरातली नव्वद मेली!"

मी तेव्हा अमरावतीत रोजमजुरांच्या संघटनेचं काम करत होतो. एकसष्टच्या दिवाळीनंतर बातमी आली, की या फार्मवर पाय धुतल्याबिगर आपल्या बायांना वावरात जाऊ देत नाहीत. धम्म घेऊन पाच वर्षं झाली अन् अजून हे? माझं टाळकं सरकलं. आठ माणसं घेऊन पहिल्या मोटारीनं अकोला गाठलं.

तिथं पाहतो तर तारेच्या कुंपणापाशी फार्मचा मुकादम नत्थुजी, धोतर वर खोचून, एका पायावर उभा. अन् एक काळीसावळी बाई त्याच्या पायावर लोट्यानं पाणी ओतून राहिली.

"टाच राह्यली, नत्थुजी."

"धुतली ना वो बाई!"

"मले माती दिसून राहिली. धुवा."

मी पुढं झालो. "मावशी, इथं पाय कोन धुवाले लावते?"

"मी." तिनं माझ्या चपलांकडे पाहिलं. "कोन्या गावची माती आनली? काढा त्या. पाय धुवा, मंग भांडा."

माझीच आठ माणसं मागं खीखी हसली. मी पाय धुतले.

आत कुंपणाला लागून घासलेटच्या डब्यांच्या तीन रांगा होत्या. रांगेत सहा-सहा डबे, प्रत्येकात एकेका नंबराच्या वाणाची तूर. एक रांग अकोल्याच्या मातीची, दुसरी रिद्धपूरच्या, तिसरी चांदूर रेल्वेच्या. आधीच्या साहेबांनी ही मर लागलेली माती गावोगावहून आणवली होती. डब्यात एकदा तूर मेली, रोग आहे अशी खात्री झाली, की ती वावरात ओतून टाकायची, असा त्यांचा हुकूम. मनकर्णाबाईनं ओतली नाही. "आनखी एक पेरनी पाह्यतो," म्हणत तीन वर्षं पाहत राहिली. रांगेगणिक खुरपं वेगळं, मुठीला चिंधी वेगळ्या रंगाची. बाहेरची माती आत येऊ नये अन् एका गावची दुसऱ्या रांगेत जाऊ नये म्हणून हे पाय धुणं.

"हे सतरा नंबर," तिनं दाखवलं. "अकोल्याच्या मातीत उभी. रिद्धपूरच्या मातीत उभी. अन् हे पाहा चांदूर."

चांदूरच्या रांगेतली सतरा नंबर वाळून कोळ झाली होती.

"तिथं रोगाचा जोर जास्त असन," मी म्हणालो.

"असं मलेबी वाटलं. पन हे नऊ नंबर पाहा. अकोल्यात मरते, चांदूरच्या मातीत जगते. जोर जास्त असता तं दोनी मेल्या असत्या. मर एक नाई, बाबू. चांदूरची मर येगळी हाये."

नवा साहेब हे ऐकत नव्हता. मरीच्या वावरात सतरा नंबर तगली, म्हणून येत्या पेरणीला तिचं बी वऱ्हाडभर द्यायचं त्यानं ठरवलं होतं, चांदूर तालुक्यातही. मी तिला घेऊन त्याच्यासमोर गेलो.

"बुरशीचं नाव पुस्तकात एकच आहे, बाई," साहेब म्हणाला.

"नाव एक असन, साहेब. माह्या वस्तीत तीन सुभद्रा हायेत, तिघींच्या तीन तऱ्हा."

साहेब चिडला. आठ दिवसांत डबे वावरात रिकामे कर, नाहीतर कामावर येऊ नको, म्हणाला. ओतले की तिन्ही गावच्या मरी एक होणार, अन् दाखवायला काही उरणार नाही.

बाहेर येताच मी म्हणालो, "उद्यापासून संप."

"संपानं डबे वाचतीन?"

"मंग बैलबंडी आनतो. डबे अमरावतीले नेऊ."

ती माझ्यावर अशी धावून आली की बस. "रोग फिरवता का गावोगाव? अक्कल हाये का? पत्र लिवा. हे माती ज्याच्या वावरातली, त्याले बलवा."

ती माती होती चांदूरचे बडे शेतकरी खुशालराव यांची. सत्तावन्न साली आमची जयंतीची मिरवणूक त्यांनी आपल्या गल्लीत अडवली होती, अन् मी त्यांना भर बाजारात नाही नाही ते बोललो होतो.

"नमस्कार लिहितो. सप्रेम नाई लिहिनार."

"लिवा सप्रेम. तुरीसाठी लिवा."

लिहिलं.

सहाव्या दिवशी खुशालराव रेल्वेनं आले. कुंपणापाशी मनकर्णाबाई लोटा घेऊन उभी. ते थबकले. पाणी आमच्या समाजातल्या बाईच्या हातचं, हे त्यांना दिसत होतं, अन् मला त्यांचं थांबणं दिसत होतं. माझ्या तोंडाशी शिवी आली होती.

"माह्या हातचं चालत नसन तं लोटा घ्या अन् आपल्या हातानं धुवा," ती म्हणाली. "पन धुतल्याबिगर आत नाई."

खुशालरावांनी जोडे काढले अन् पाय पुढं केला. तिनं पाणी ओतलं.

"टाच राह्यली."

त्यांनी टाच धुतली.

आत त्यांनी तिन्ही रांगा दोनदा पाहिल्या. चांदूरच्या डब्यातलं एक झाड उपटून साल सोलली, काळी रेघ पाहिली. मग तडक साहेबाकडे गेले. "हे बी माह्या तालुक्यात नोको. अन् ते डबे हालवू नोका."

मनकर्णाबाई तीन वर्षं पाहून सांगत होती, ते साहेबाला पाच मिनिटांत पटलं. चांदूरचं वाटप थांबलं, डबे राहिले, अन् तिचा रोजही राहिला.

पुढं अहवाल निघाला. नत्थुजीनं एक प्रत मिळवली अन् मी ती मनकर्णाबाईला वाचून दाखवली. ‘चांदूर येथील प्रगतिशील शेतकरी श्री. खुशालराव यांच्या निदर्शनास आले की...’ मी कागद आपटला. तिचं नाव कुठंच नव्हतं.

ती खुरपं धूत होती. "चांदूरची मर येगळी, हे लिवलं का?"

"लिवलं."

"मंग झालं." खुरपं झटकून तिनं मान वर केली. "त्यायनं पाय धुतले, हे लिवलं का?"

"नाई."

"मंग ते तुमी लिवा."